दोर बांधलेला नाही, मग निसटत का नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बारी नावाचं गाव आहे. कळसूबाई शिखराची नेहमीची वाट तिथून सुरू होते. आधी शेतं लागतात, मग झाडी, मग कातळ, आणि कातळ अगदीच उभा झाला की लोखंडी शिड्या. त्या चढून माथ्यावर पाय ठेवला की तुम्ही समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंचीवर असता. अख्ख्या महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. आणि वर पोचल्या पोचल्या, देवीच्या देवळाच्याही आधी कोण भेटतं सांगा? वारा! टोपी, रुमाल, ओढणी, जे सुटं दिसेल ते घेऊन पळणारा वारा.

आज आपण या डोंगरावर रोपवे बांधणार आहोत. खराखुरा नव्हे बरं का, कागदावर. कळसूबाई चढून जाण्यात जी मजा आहे ती ट्रॉलीत बसून येणार नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण आज आपल्याला एक कोडं सोडवायचं आहे आणि त्या कोड्यासाठी याच्याइतका चांगला डोंगर शोधून सापडायचा नाही. उभे कडे आहेत, मधेच सपाटी आहे, खोलगट जागा आहेत आणि वारा तर आहेच आहे.

रोपवे तुमच्यातल्या काहींनी पाहिलेला असेल. रायगडावर तो १९९६ साली सुरू झाला, पायथ्याच्या हिरकणीवाडीतून थेट गडावर. काही जण नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले असतील. तिथे २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. ती हवेत लटकत नाही, उतारावर टाकलेल्या रुळांवरून चालते, पण तिलाही ओढतो दोरच. आपण बांधणार आहोत तो तिसऱ्या तऱ्हेचा, काश्मीरमध्ये गुलमर्गला आहे तसा. त्यात पोलादी दोराचं एकच एक मोठं वेटोळं असतं. खालच्या स्टेशनात एक मोठं आडवं चाक, वरच्या स्टेशनात दुसरं, आणि दोघांभोवती हा दोर अखंड फिरत राहतो. एका बाजूने वर जातो, दुसऱ्या बाजूने खाली येतो. ट्रॉल्या त्याला चिमट्यांनी पकडून लटकतात. या चिमट्याला म्हणतात ग्रिप.

मधल्या वाटेवर दोर जमिनीला टेकू नये म्हणून खांब उभे करतात. खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हात असतात आणि त्या हातांवर ओळीने पुल्या. दोर त्या पुल्यांवरून पळतो.

आता नीट विचार करा. दोर पळतोय, म्हणजे तो खांबाला बांधलेला असूच शकत नाही. त्याला वरून झाकणही घालता येत नाही, कारण दर थोड्या वेळाने एक ग्रिप त्या पुल्यांवरून जायची असते आणि तिच्याखाली आठ-दहा माणसांनी भरलेली ट्रॉली लटकत असते. तिला जायला वाट मोकळी हवी. म्हणजे तो जाडजूड दोर पुलीच्या खाचेत नुसता टेकलेला असतो! ना गाठ, ना खिळा, ना कडी. खाचही फार खोल नसते.

मग तो निसटत का नाही?

रोपवे म्हटलं की सगळे विचारतात, दोर तुटला तर? प्रश्न बरोबरच आहे, पण दोर सहसा असा एकाएकी तुटत नाही. रोजच्या कामात त्याच्यावर जेवढा ताण येतो त्याच्या चौपट-पाचपट ताण सोसेल असाच दोर निवडतात. शिवाय तो दोर म्हणजे एक सळई नसते. बारीक बारीक पोलादी तारा पिळून एक पेड करतात आणि असे सहा पेड पुन्हा एकमेकांभोवती पिळतात. ही युक्ती जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींमध्ये निघाली. तिथे विल्हेल्म आल्बर्ट नावाचे खाण-अधिकारी होते. खोल खाणीतून दगड वर ओढायचे तर तागाचे दोर कुजायचे आणि लोखंडी साखळ्या तुटायच्या. साखळीची एक कडी तुटली की सगळंच खाली. १८३४ साली आल्बर्ट यांनी लोखंडी तारा पिळून दोर केला. यात एक तार तुटली तर बाकीच्या तारा भार उचलून धरतात आणि तुटकी तार तपासणीत सापडते. म्हणजे हा दोर आपण थकत चाललो आहोत हे आधी सांगतो. मला ही गोष्ट फार आवडते.

तेव्हा तुटण्याची काळजी बरीचशी दोरानेच मिटवली. निसटण्याची काळजी मात्र खांब बांधणाऱ्यालाच घ्यावी लागते.

आता कळसूबाईच्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट. अहिल्यानगरचा मुलूख कोरडा. विजेचे पंप आणि इंजिनं येण्याआधी इथल्या विहिरींवर मोटा चालायच्या. घरात आजोबा-पणजोबा असतील तर त्यांना विचारा, डोळे चमकतील त्यांचे! चामड्याची भलीमोठी मोट विहिरीत सोडायची आणि बैलांनी ती ओढायची. जाड दोर, म्हणजे नाडा, वर बसवलेल्या लाकडी चाकावरून जायचा. बैल उतरत्या वाटेवरून पुढे चालायचे, त्या वाटेला म्हणतात धाव. ही धाव कशी असायची? चाकाच्या बरोबर समोर, सरळ. वाकडी धाव कुणी बांधत नसे. का? बैल जर एका अंगाला सरकून चालले तर नाडा चाकात तिरका शिरणार. तिरका शिरलेला दोर खाचेच्या काठावर घासत घासत चढतो आणि काठ ओलांडला की गेला खाली. भरलेली मोट धाडकन विहिरीत आणि बैलांना हिसका. म्हणून मोट हाकणाऱ्याचं लक्ष बैलांच्या पावलांकडे असे, कारण चाकावर काय होणार ते पावलांवर ठरायचं.

रोपवेच्या खांबावरही नेमका हाच नियम चालतो. दोर सरळ आला पाहिजे.

हे स्वतः करून बघायचं असेल तर दोन रिकामी रिळं, दोन पेन्सिली आणि थोडा सुतळीचा तुकडा घ्या. सुतळीची टोकं जोडून वेटोळं करा. रिळं पेन्सिलींवर बसवा आणि वेटोळं त्या दोघांवर ताणून धरा. एकाने एक रीळ फिरवायचं. दोन्ही पेन्सिली एकमेकींना समांतर असतील तोवर वेटोळं मजेत फिरत राहील. आता दुसरी पेन्सिल किंचित तिरकी करा आणि रीळ फिरवत राहा. सुतळी हळूहळू एका कडेला सरकेल, काठावर चढेल आणि टुणकन खाली. नजर मात्र एकाच जागी ठेवा, जिथे सुतळी रिळावर येते तिथे. भानगड तिथेच सुरू होते. येणारा प्रत्येक नवा तुकडा आधीच्यापेक्षा केसभर वर टेकतो, आणि असे खूप केस जमले की काठ संपतो. रीळ उलट्या दिशेने फिरवलं तर सुतळी कुठल्या बाजूला पडते, तेही बघून ठेवा.

म्हणूनच खांब उभे करताना मोजमापाच्या दुर्बिणी लावून सगळ्या पुल्या एका रेषेत आणतात. खांब पन्नास-साठ फूट उंच असला तरी त्याच्या डोक्यावरच्या पुल्यांची चूक मिलिमीटरांत मोजतात. पाया खचला, खांब जरासा कलला, तर पुन्हा मोजणी. पुलीच्या खाचेत रबराचं अस्तर असतं. दोर त्यावरून पळून पळून ते झिजतं आणि एका बाजूने जास्त झिजलं तर दोर इथे तिरका येतोय हे जाणत्याला लगेच कळतं. रबर पाहून दोराची चाल ओळखणारी माणसं असतात, खरंच!

एवढं झालं तरी आपला वारा बाकी आहे. चला, हिशेब करू. मला हा हिशेब पहिल्यांदा करताना आश्चर्य वाटलं होतं.

वारा ताशी ७२ किलोमीटर वेगाने आडवा आला तर प्रत्येक चौरस मीटरला साधारण २४ किलो वजनाइतका रेटा देतो. ट्रॉलीची एक बाजू समजा तीन चौरस मीटर. म्हणजे ७२ किलोंचा धक्का. आता दोराकडे बघा. तो केवढासा, साडेचार सेंटीमीटर जाड. त्याला वारा काय करणार? पण दोन खांबांमधला शंभर मीटर लांब दोर घेतला तर त्याची वाऱ्याला दिसणारी बाजू होते साडेचार चौरस मीटर. ट्रॉलीपेक्षा मोठी! त्या एवढ्याशा दिसणाऱ्या दोराला वारा शंभर किलोंच्या वर रेटा देतो. म्हणजे ट्रॉल्या नसल्या तरी वारा दोराला ढकलतच असतो.

आणखी एक. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ट्रॉलीला १८ किलोंचा धक्का होता, तो ७२ च्या वाऱ्यात ७२ किलोंचा झाला. म्हणून खांबांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवलेली असतात. वारा वाढू लागला की आधी इशारा येतो, मग रोपवेचा वेग कमी करतात, मग बंद. खाली स्टेशनात झुळूकसुद्धा नसते आणि तरी खिडकीवर पाटी लागते, ‘वाऱ्यामुळे सेवा बंद’. रांगेतली माणसं चिडतात. पण वरच्या खांबावरचं यंत्र जे बघतंय ते त्यांना खालून दिसत नाही ना!

बरं, शंभर किलोंचा आडवा रेटा बसूनही दोर खाचेतच का राहतो? कारण तो जड आहे. त्या शंभर मीटर दोराचं वजनच सातशे किलोंच्या आसपास भरतं, वर ट्रॉल्यांचं वेगळं. म्हणजे सातशे किलो खाली दाबताहेत आणि शंभर किलो बाजूला ढकलताहेत. कागदावर दोन बाण काढा, एक खाली सात सेंटीमीटर, एक आडवा एक सेंटीमीटर. दोन्ही मिळून जो तिरका बाण होतो तो अजून जवळजवळ खालीच बघतोय, बरोबर खाचेत. तो बाण खाचेत घुसतोय तोवर दोर सुखरूप. दोराला धरून ठेवणारी कडी हीच, त्याचं स्वतःचं वजन.

मग संकट कधी? वारा वाढला तर, हे उघड आहे. पण दुसरंही एक कारण आहे आणि ते जरा लपून बसतं. खाली दाबणारा बाणच लहान झाला तर! सातच्या जागी एकच सेंटीमीटर उरला तर तोच शंभर किलोंचा वारा तिरक्या बाणाला थेट खाचेबाहेर वळवेल. दोर खाचेत दाबलेला राहिला पाहिजे, दर क्षणी, दर पुलीवर. रोपवे बांधणाऱ्यांची सगळी धडपड याच एका गोष्टीसाठी असते.

दाब कमी कशाने होतो? डोंगराच्या आकाराने. उंचवट्यावर खांब असेल तर दोर दोन्ही बाजूंनी खाली उतरतो आणि पुल्यांवर घट्ट बसतो. पण खोलगट जागी खांब असेल तर? दोन्हीकडचे खांब उंचावर, मधला खाली. ताणलेला दोर सरळ होऊ बघतो, म्हणजे मधल्या खांबावरून वर उठू बघतो. अशा जागी पुल्या दोराच्या खाली लावून उपयोग नाही. त्या दोराच्या वर लावतात, दोराला खाली दाबून धरण्यासाठी. रोपवेत बसाल तेव्हा लक्ष ठेवा, एखाद्या खांबावर पुल्या दोराच्या वर दिसल्या तर तुम्ही खोलगट जागेवरून जात आहात.

वाऱ्यानेही दाब कमी होतो. याच अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. तिथे कोकणातून आलेला वारा उभ्या कड्यावर आदळतो आणि सरळ वर चढतो. कड्यावरून हलकी वस्तू टाकली तर तो तिला परत वर घेऊन येतो. असा खालून वर येणारा वारा दोराला बाजूला ढकलत नाही, त्याला आणि ट्रॉलीला उचलतो. म्हणजे खाली दाबणारा बाण आखडतो. कड्याच्या तोंडाशी खांब उभा करायचा म्हटला तर मी तरी आधी वर्षभर तिथला वारा मोजून घेईन.

आणि झटक्यानेही दाब कमी होतो. रोपवे चालता चालता एकदम करकचून थांबवला तर सगळा दोर वर-खाली उसळायला लागतो. वर उसळला त्या क्षणी पुलीवरचा दाब जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून रोपवेचा ब्रेक हळू हळू लागेल असाच करतात. ट्रॉलीत उड्या मारू नका, ती हलवू नका, अशी पाटी का असते तेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. दहा जणांनी ठेक्यात ट्रॉली हलवली तर ती उसळी दोरातून पुढच्या खांबापर्यंत जाते.

उन्हाचंही ऐका. पोलाद तापलं की लांबतं. हजार मीटर दोर पहाटेच्या थंडीपेक्षा दुपारी २५ अंशांनी जास्त तापला तर सुमारे ३० सेंटीमीटर लांब होतो. दोर लांबला की सैल पडणार, सैल पडला की झोळ वाढणार आणि खांबाखांबावरचा दाब बदलणार. म्हणून एका स्टेशनातलं ते मोठं चाक पक्कं बसवलेलं नसतंच! ते मागे-पुढे सरकू शकतं. जुन्या रोपवेत त्याच्या मागे काँक्रीटचं प्रचंड वजन विहिरीसारख्या खड्ड्यात लटकत ठेवलेलं असे. दोर लांबला की वजन खाली उतरे, चाक मागे ओढलं जाई, ताण तेवढाच राही. आता हे काम बऱ्याच ठिकाणी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे करतात.

आता एका खांबाच्या अगदी जवळ जाऊ. ट्रॉली खांबाजवळ आली की आतल्यांना खडखड जाणवते. त्या वेळी वर काय घडतंय? ग्रिपचे जबडे दोराला घट्ट धरून आहेत आणि ती ग्रिप पहिल्या पुलीवर चढते आहे. पुली किंचित दबते. पण ती एकटी नसते. दोन पुल्या एका लहान दांडीला जोडलेल्या असतात, ती दांडी मधोमध खिळीवर डोलते. अशा दोन दांड्या एका मोठ्या दांडीला, मोठ्या दांड्या आणखी मोठीला. एका पुलीवर भार आला की दांडी झुकते आणि भार शेजारणीला वाटून देते. ग्रिप पुढे सरकते तशा दांड्या एकामागून एक झुकतात आणि परत वर येतात. चार, आठ, बारा पुल्या, पण एकीवरही जास्त भार नाही आणि एकीवरून दोर सुटलेलाही नाही. या डोलणाऱ्या दांड्यांकडे मी तासभर बघत बसू शकते.

आणि याच पुल्यांच्या दोन्ही बाजूंना बघा. आतल्या बाजूला, म्हणजे खांबाकडे, उंच पोलादी आडोसा असतो. दोर तिकडे जाता कामा नये, कारण तिकडे गेला तर खांबात अडकेल आणि त्याच्यामागून येणारी ट्रॉली खांबावर आदळेल. बाहेरच्या बाजूला, पुल्यांच्या जरा खाली, वळलेल्या पोलादी ओंजळी असतात. दोर निसटलाच तर बाहेरच्या बाजूला निसटावा आणि थेट त्या ओंजळीत पडावा अशी ही रचना. त्यांना म्हणतात रोप कॅचर. दोर पुलीवर असताना त्यांना काहीच काम नसतं. वर्षानुवर्षं त्या रिकाम्या थांबून राहतात. पण त्यांची घडण अशी असते की निसटलेला दोर त्यांच्यात पडून थोडा वेळ घसरत राहिला तरी ग्रिपही त्यावरून पार होईल. रोपवे थांबायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ त्यांनी सांभाळायचा.

पण दोर निसटला हे खाली स्टेशनात कळणार कसं? इथे ती युक्ती आहे, जी ऐकल्यावर मी टाळी वाजवली होती. ओंजळीच्या तोंडाशी एक ठिसूळ काडी बसवलेली असते. तिच्यातून बारीक तार जाते आणि तारेतून विजेचा प्रवाह सतत वाहत असतो. सगळ्या खांबांवरच्या सगळ्या काड्या एकाच साखळीत जोडलेल्या. दोर घसरून काडीवर पडला की काडी मोडते, तार तुटते, प्रवाह थांबतो आणि रोपवे आपोआप बंद. कुणी बटण दाबायची वाट बघायची नाही.

तुम्ही म्हणाल, याहून सोपं करता आलं असतं. दोर पडला की घंटा वाजेल अशी जोडणी करायची. एरवी वीज बंद, दोर पडल्यावर चालू. करून बघा विचार. समजा रात्री उंदराने घंटेची वायर कुरतडली. सकाळी कुणाला कळेल? नाही कळणार! घंटा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच सगळे समजतील, आणि ज्या दिवशी खरंच दोर पडेल त्या दिवशी ती गप्पच राहील. आता काडीची जोडणी बघा. उंदराने वायर कुरतडली, पाणी शिरलं, स्क्रू ढिला झाला, काहीही बिघडलं तरी प्रवाह थांबतो आणि रोपवे सुरूच होत नाही. बिघाड लपून राहूच शकत नाही. हल्ली काही रोपवेंवर याच्या जोडीला लोखंड जवळ-दूर झालेलं ओळखणारे सेन्सरही असतात. दोर खाचेतून थोडासा सरकला, निसटायच्या आतच, तरी ते सांगतात.

अशा आपोआप थांबवणाऱ्या रचनांना एक मोठा धोका उरतो, तो म्हणजे माणसाने त्या मुद्दाम निकामी करणं. इटलीत मोत्तारोने नावाच्या डोंगरावर २३ मे २०२१ रोजी ट्रॉलीला ओढणारा दोर तुटला. अशा वेळी ट्रॉलीला धरणारा आपत्कालीन ब्रेक तिथे होता. पण तो मधेच लागून रोपवे थांबत होता म्हणून त्याला अडकण लावून बंद ठेवलेलं होतं. १४ माणसं गेली. सारखा थांबणारा ब्रेक काहीतरी सांगत होता. त्याचं ऐकायला हवं होतं.

रोपवे मधेच थांबला तर वर बसलेल्यांचं काय? बहुतेक वेळा काही नाही, थोडा वेळ थांबायचं. वीज गेली तर डिझेलचं इंजिन लावून ट्रॉल्या सावकाश स्टेशनात आणतात. तेही जमलं नाही तर या कामात तरबेज माणसं दोरावरून ट्रॉलीपर्यंत जातात आणि पट्टे बांधून एकेकाला खाली सोडतात. हेलिकॉप्टर अगदी शेवटी. तशी वेळ आपल्या देशात आलेली आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या परवाणूला ओढणारा दोर तुटून ट्रॉली दरीवर अडकली. मेजर इव्हान जोसेफ क्रॅस्टो हेलिकॉप्टरमधून तारेने त्या ट्रॉलीवर उतरले. काही जणांना बाहेर काढेपर्यंत अंधार पडला. तेव्हा क्रॅस्टो परत गेले नाहीत. उरलेल्या प्रवाशांना धीर देत रात्रभर त्याच ट्रॉलीत थांबले आणि सकाळी सगळ्यांना काढल्यावरच निघाले. ते हेलिकॉप्टर चालवणारे फली मेजर पुढे भारताचे वायुसेनाप्रमुख झाले. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडच्या त्रिकूट पर्वतावरही वायुसेनेलाच जावं लागलं. तिथे काही प्रवासी दगावले, हे सांगताना आजही वाईट वाटतं.

म्हणूनच चांगल्या रोपवेवर रोज सकाळी पहिली फेरी प्रवाशांशिवाय होते. एक माणूस प्रत्येक खांबाजवळ कान देऊन ऐकतो, कारण बिघडलेल्या पुलीचा आवाज वेगळा येतो. ठरावीक दिवसांनी दोर चुंबकाच्या यंत्रातून सरकवतात. आतल्या बाजूला तुटलेली, डोळ्यांना न दिसणारी तारही त्यात उमटते. आणि वर्षातून काही दिवस रोपवे बंदच ठेवतात, पुल्या उतरवून रबर बदलतात. नेमके सुट्टीच्या दिवसांत असं झालं तर तुमचा हिरमोड होईल, ठाऊक आहे मला. त्या दिवसांत त्या पुल्या जमिनीवर मांडलेल्या बघायला मिळाल्या तर मात्र चुकवू नका.

आता आपला कळसूबाईचा कागद पुढे ओढा. डाव्या कोपऱ्यात खाली बारी, उजव्या कोपऱ्यात वर शिखर, मधे पायरीपायरीने चढणारी डोंगराची रेघ. शेवटच्या शिडीच्या आधी थोडी सपाटी येते, ती नीट काढा. सपाटीच्या अलीकडे चढ, पलीकडे पुन्हा उभा चढ. आता पट्टी ठेवून खालच्या उंचवट्यापासून शिखरापर्यंत सरळ रेघ मारा, तो आपला ताणलेला दोर. सपाटीवर तुम्ही खांब ठेवलात तर दोर त्याच्यावर बसेल की त्याच्यावरून वर उठेल? पुल्या दोराच्या खाली लावाल की वर? की खांबच तिथून उचलून सपाटीच्या कडेला, उंचवट्यावर न्याल? तिथे वारा जास्त असणार, हेही विसरू नका. माझ्या कागदावर मी दोनदा खोडरबर फिरवून खांब कडेला नेला आहे आणि त्याच्यावर बारा पुल्या काढल्या आहेत. तुम्ही कुठे ठेवलात?